कॅमेरा शेजाऱ्याच्या गडग्यावर ठेवा

प्रश्न असा आहे. वेंगुर्ल्याकडच्या एका तरुण दिग्दर्शकाच्या हाती एक मराठी कादंबरी लागली आहे. निवेदक जमीन-दलाल. किनाऱ्यालगतच्या गावांतली बंद घरं, त्यांत एकेकटी राहिलेली म्हातारी माणसं, सामाईक सातबाऱ्यावरची पंधरा-वीस नावं. त्यातलं एकेक नाव कमी होत जातं, आणि ते कसं कमी झालं हे दलाल स्वतःच सांगतो. विहिरीला मे महिन्यात किती पाणी राहतं हे गिऱ्हाइकाला सांगताना त्याचा जो आवाज असतो, त्याच आवाजात. वाचून झोप उडते. यावर उपहासाच्या अंगानं जाणारा भयपट करायचा आहे. विचारलंय की खून किती दाखवायचे, निवेदकाचं बोलणं ठेवायचं का, आणि ‘कोकण आहे तर भूत हवंच’ म्हणणाऱ्या निर्मात्याला काय सांगायचं.

मी बरीच वर्षं पटकथा लिहितोय, त्यातही कादंबऱ्यांवरून जास्त. या तिन्ही प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात मला दिसला नाही, आणि तो सुटल्याशिवाय बाकीचे सुटणार नाहीत. या सिनेमात आपण हसणार कोणाला?

अशा कादंबरीत मारणारा असतो, मरणारे असतात आणि बघणारे असतात. मारणाऱ्याच्या विक्षिप्तपणाला हसायचं ठरवलंत तर प्रेक्षक हळूहळू त्याच्याच प्रेमात पडतो. त्याचे संवाद मोबाइलवर फिरायला लागतात, लग्नाच्या वरातीत पोरं त्याच्यासारखा गॉगल घालतात. मरणाऱ्यांना हसणं हा निव्वळ क्रूरपणा, त्यावर जास्त बोलायला नको. उरले बघणारे. ज्यांना सगळं दिसतं, कळतं, आणि ज्यांच्या तोंडी ‘आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य सदा तयार असतं. तुमच्या कादंबरीतली खरी भीती तिथं आहे असं मला वाटतं, आणि हसूही तिथंच पिकेल. दलाल एकटा आहे. त्याला कोणी अडवत नाही, ही गोष्ट मात्र सगळ्या गावाची आहे.

जगासमोरचं उदाहरण ‘अमेरिकन सायको’चं. ब्रेट ईस्टन एलिस यांची ती कादंबरी १९९१ची. ज्या प्रकाशनानं ती आधी घेतली होती त्यांनी छापायच्या तोंडावर अंग काढून घेतलं, आणि मग ती दुसरीकडून आली. वॉल स्ट्रीटवरचा श्रीमंत तरुण आणि पानंच्या पानं तपशीलवार हिंसा. २००० साली मेरी हॅरन यांनी त्यावर सिनेमा केला, पटकथा त्यांनी आणि गिनिव्हिअर टर्नर यांनी मिळून लिहिली. या दोघींनी हिंसेचा मोठा भाग पडद्याबाहेर ठेवला आणि त्या पुरुषांची आपापसातली चढाओढ पुढे आणली. व्हिजिटिंग कार्डांचा प्रसंग आठवा. कार्डं जवळजवळ सारखीच, हुद्दाही तोच, आणि दुसऱ्याच्या कार्डाचा कागद पाहून नायकाला घाम फुटतो. रक्ताचा थेंब नाही. पण हा माणूस काय करू शकतो याची शंका त्यानंतर उरत नाही, आणि थिएटरात हशाही त्याच वेळी पिकतो. हसू आणि भीती एकाच जागेतून बाहेर पडली पाहिजेत. एक प्रसंग हसायचा, पुढचा घाबरायचा, अशी पाळी लावली की दोन अर्धे सिनेमे होतात.

तो प्रसंग उचलू नका. त्याच्या तोडीची आपल्याकडची जागा शोधा.

माझ्या मते ती जागा म्हणजे मानपान. जत्रेत पहिला नारळ कोणाचा, शिमग्यात पालखी आधी कोणाच्या खळ्यात म्हणजे अंगणात, दसऱ्याला तरंगं, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, कोणी धरायच्या. या मानांवरून भावकीतली भांडणं कोर्टापर्यंत गेलेली तुम्हीही पाहिली असतील. आता असा प्रसंग लिहून बघा. कादंबरीतले आबा तीन आठवडे कोणाला दिसलेले नाहीत. पायरीवर फणसाची पिकली पानं साठलीत, कुत्रा दारात बसून आहे, वायरमन दोनदा येऊन परत गेलाय. देवळात बैठक बसलीय, आणि विषय आहे की आबांच्या घराण्याकडे असलेला मान यंदा कोणी चालवायचा. एक म्हणतो, थोरल्या घराकडे. दुसरा म्हणतो, थोरलं घर मुंबईला, त्यांना सुट्टी मिळत नाही. जुनी वही काढली जाते. चहा येतो. आवाज चढतात. अर्ध्या तासात एकही माणूस विचारत नाही की आबा आहेत कुठं. आणि कोपऱ्यात बसलेला दलाल, हात जोडून, सगळ्यांचा मान राखत, तोडगा सुचवतो. सगळ्यांना तो पटतो. ‘पोरगो शाणो आसा,’ असं एक म्हातारा कौतुकानं म्हणतो. या प्रसंगात विनोदी पार्श्वसंगीत नको, कोणाचा चेहरा जवळून दाखवायला नको. कॅमेरा खांबाजवळ ठेवा आणि बैठक चालू द्या.

दुसरी जागा याहून धारदार आहे, आणि ती फक्त आपल्याकडेच आहे: गाऱ्हाणं. एकजण देवापुढे उभा राहून मागतो आणि जमलेले सगळे एका सुरात होकार देतात. दलालानं नवा व्यवहार धरलाय म्हणून नारळ ठेवलाय.

‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘जो काय येव्हार हातात घेतलेलो आसा, तो तडीक ने रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘जे कोण आडवे येतीत, त्यांका बाजूक सार रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

यात खोटा किंवा वाढवून लिहिलेला शब्द एकही नाही. अशी गाऱ्हाणी आपण सगळ्यांनी ऐकलीत आणि त्यांत आवाजही मिसळलाय. पण आडवं कोण येतंय हे ज्या प्रेक्षकाला माहीत आहे, त्याला तो शेवटचा होकार ऐकवणार नाही. होकार देणाऱ्यांत आबांची सख्खी पुतणी असू द्या. एकच काळजी घ्या. कुठल्याही खऱ्या देवस्थानाचं नाव, मूर्ती किंवा तिथला खास विधी वापरू नका. देव या सिनेमात आरोपी नाही, माणसं आहेत, आणि ही रेषा पुसट झाली की गावाचं मन अकारण दुखावेल आणि मूळ मुद्दाही हरवेल.

सरकारी कागदांतही भरपूर मसाला आहे. खातेदार गेला की वारस नोंद होते, फेरफार धरला जातो, चावडीवर नोटीस लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. भयपटाला याहून चांगलं घड्याळ कुठून मिळणार? नोटीस लागली. पहिल्या दिवशी चार माणसं वाचून गेली. पाचव्या दिवशी तिच्यावर दशावतारी नाटकाच्या प्रयोगाचं पोस्टर चिकटलं. दहाव्या दिवशी पावसानं शाई ओघळली. पंधराव्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली. या चार शॉट्समध्ये एक माणूस कायमचा नाहीसा होतो. दलालानं त्याला कसं मारलं हे त्याआधी दाखवायची मला तरी गरज वाटत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. कादंबरी वाचताना आपण दलालाच्या डोक्यात कोंडलेले असतो, म्हणून तिथला प्रत्येक तपशील अंगावर येतो. पडद्यावर तोच तपशील दाखवला की आपण बाहेर उभे राहून बघणारे होतो, आणि बघण्यात चटक लागते. लेखकानं वाचकाला जिथं गुदमरवलं तिथं दिग्दर्शक प्रेक्षकाला मजा देऊन बसतो. म्हणून मी लिहिताना ठरवून टाकतो की मारण्याच्या क्षणी कॅमेरा मारणाऱ्याच्या डोळ्यांत नसेल आणि मरणाऱ्याच्या चेहऱ्यावरही नसेल. या सिनेमात तो शेजाऱ्याच्या गडग्यावर ठेवा. जांभ्या दगडाचा तो कमरेएवढा गडगा, त्यावर शेवाळ, पलीकडे खळं, मग पडवी, मग माजघराचं अंधारं दार. शेजारी जेवढं बघू शकतो तेवढंच आपण बघायचं. दार लोटलेलं दिसतं. बल्ब विझतो. शेजारीण सुकत घातलेली कोकमाची सोलं उचलता उचलता क्षणभर थांबते, मान वळवते, आणि पुन्हा सोलं उचलायला लागते. ती क्षणभर थांबली, म्हणजे तिला कळलं. तुमच्या सिनेमातला सगळ्यांत भीषण शॉट हा असेल. अभिनेत्री मात्र अशी घ्या जिच्या हातांना त्या कामाची सवय आहे.

सगळी हिंसा गाळा असं मी म्हणत नाही. एकदाच, साधारण मध्यावर, काय होतं ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसलं पाहिजे. नाहीतर त्यालाही ‘झालंच नसेल कदाचित’ अशी पळवाट मिळते. तो प्रसंग लांब, बेढब आणि दमवणारा असू द्या. म्हातारं माणूससुद्धा सहजासहजी मरत नाही. तिथं संगीत नको आणि हसूही नको.

निवेदकाचा आवाज ठेवा, पण त्यातली कबुली काढून टाका. त्याच्या तोंडी फक्त जमीन राहू द्या: समुद्र किती मीटरवर, सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधांची, रेषा कुठून जाते, जमीन एनए म्हणजे बिगरशेती व्हायला काय अडचण, हायवेपासून किती मिनिटं, माडांची संख्या, हापूसची किती कलमं धरती आहेत. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला तो घर दाखवतोय आणि आपण त्याच घरात आदल्या प्रसंगात काय झालं ते पाहिलंय. ‘घर मोकळं आहे, कोणाचा त्रास नाही,’ हे त्याचं वाक्य. कादंबरीत तो सगळं सांगतो. सिनेमात त्यानं जे सांगायचं टाळलं ते प्रेक्षकानं भरावं. आणि गिऱ्हाइकालाही सोडू नका. देव्हाऱ्याच्या जागी बार काउंटर कसं दिसेल असं विचारणारी ती माणसं दुष्ट नाहीत, आणि त्यांना दुष्ट केलंत तर उपहास बोथट होईल. त्यांना कोकण मनापासून आवडतं. ते आवडणंच दाखवा.

भुताचं आता. निर्मात्याला थेट नाही म्हणू नका, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्याकडे गावाची हद्द नुसती नकाशावर नसते, तिच्यावर राखणदार असतो. रात्री काठी आपटत, खांद्यावर घोंगडी टाकून तो हद्दीवरून फिरतो असं मानतात, वर्षातून एकदा त्याची राखण देतात, चुकलेल्याला तो वाट दाखवतो. हडळ-मुंजा सोडा, त्यांना घालून प्रेक्षक किंचाळेल आणि घरी जाऊन विसरेल. पण जमीन विकली गेली, गडगा पाडून आठ फुटी भिंत उठली, लोखंडी गेटवर सिक्युरिटीवाला बसला, तर राखणदारानं फिरायचं कुठून? त्याची राखण कोण देणार? दलाल रात्री काम उरकून निघाला की लांबून काठीचा आवाज येतो. गाव समजतं, राखणदार जागा आहे, आपल्याला काही होणार नाही. दलालालाही तसंच वाटतं आणि तो निर्धास्त होतो, कारण राखणदार त्याचाही आहे, तोही गावचाच. पुढे पुढे आवाज भिंतीपर्यंत येऊन थांबायला लागतो. तो खरा की मनाचा खेळ हे सिनेमानं सांगू नये. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीवरून श्याम बेनेगल यांनी १९७८ साली हिंदी आणि तेलुगूत सिनेमा केला आणि गोष्ट कोकणातून आंध्रात नेली. मुलूख बदलूनही ती टिकली. माझ्या मते याचं कारण असं की, साक्षात्कार खरा की भास यापेक्षा गावानं त्यावर ठेवलेल्या विश्वासाचे परिणाम तिथं महत्त्वाचे आहेत. तुमचा राखणदारही तसाच हाताळा.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. मच्छिंद्र कांबळींच्या नाटकांनी मालवणी मुंबईच्या रंगमंचावर गाजवली आणि तिला जो मान मिळवून दिला त्याचं मोल मोठंच आहे. पण तेव्हापासून मालवणी ऐकू आली की प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो. ही सवय तुम्हाला वापरता येईल. पहिल्या वीस मिनिटांत त्याला हसू द्या, संवाद खरे, चटपटीत असू द्या. मग त्याच माणसांच्या तोंडून, त्याच लयीत, असं काही येऊ द्या की हसू घशात अडकेल. दलाल मात्र दोन भाषा बोलेल. गावात मालवणी, गिऱ्हाइकासमोर स्वच्छ पुणेरी वळणाची मराठी. कोणत्या माणसाशी तो कोणती बोलतो यावरून पुढचा कोण हे चाणाक्ष प्रेक्षकाला कळू लागेल.

नटांसाठी मुंबईला धावण्याआधी दशावतारी मंडळींना भेटा. त्यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कथासूत्र ठरलेलं, बाकी संवाद उभ्या उभ्या रचायचे, आणि पहाटेपर्यंत प्रेक्षक धरून ठेवायचा. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातला, संकासुर राक्षस भटजीबरोबर थट्टामस्करी करतो तेव्हा मोठी माणसं हसतात आणि लहान पोरं आईच्या पदराआड लपतात. तुम्हाला जो परिणाम साधायचाय तो या मातीत इतका जुना आहे. पण म्हणून सिनेमात संकासुर नाचवू नका. ड्रोनमधून किनारा, त्यात मुखवटे आणि ढोल, असलं कोकण आता जाहिरातींत रोज दिसतं. नटांकडून त्यांचा ठेका घ्या, वेष राहू द्या त्यांच्या पेटाऱ्यात.

काळाची रचना मी गणपती ते गणपती अशी तीन वर्षांची करेन. चतुर्थीला सगळी घरं उघडतात, मुंबईकर येतात, सह्या त्याच दिवसांत होतात, आणि विसर्जनानंतर पुन्हा कुलपं. दरवर्षी त्याच माजघरात, त्याच जागेवरून आरती दाखवा. उभी असलेली माणसं कमी होतील, त्याबद्दल कोणी बोलायला नको.

चित्रीकरणातल्या दोनचार गोष्टी भराभर सांगतो. समुद्राची गाज सतत बदलते, त्यामुळे दोन शॉट जोडले की आवाज उडी मारतो. प्रत्येक जागेवर संवाद नसलेली गाज निवांत रेकॉर्ड करून ठेवा. कौलांवर पाऊस असताना आतले संवाद मिळत नाहीत, ते प्रसंग उघडिपीला धरा. एसी खोलीतून काढलेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत धुरकटते, कॅमेरा बाहेरच्या हवेला रुळायला आधीच काढून ठेवा. भरतीच्या वेळेसाठी कोळ्यांचा हिशेब अजून चालतो: तिथीचा पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला आणि अवसेला सव्वा अकराच्या, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. वाळूवरचा प्रसंग दोन दिवस चालणार असेल तर पाण्याची रेषा जुळवताना याच हिशेबानं वेळा धरा. नाहीतर संपादनात समुद्र मागेपुढे पळताना दिसेल.

हक्कांचं आधी करा. प्रकाशकाची परवानगी पुरेल असं समजू नका. चित्रपटाचे हक्क लेखकाकडेच आहेत का, हे त्यांच्या करारात पाहा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. सेन्सॉरचं म्हणाल तर २०२३च्या दुरुस्तीनंतर यूएचे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या सिनेमांचे, ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन गट झालेत. अपिलाचं न्यायाधिकरण २०२१मध्येच बंद झालं, त्यामुळे वाद हायकोर्टात न्यावा लागतो, आणि ते लहान निर्मात्याला झेपत नाही. तरी प्रमाणपत्र डोळ्यांसमोर ठेवून लिहू नका. ‘अमेरिकन सायको’च्या वेळी अमेरिकेतल्या मंडळानं बोट ठेवलं ते मुख्यतः एका लैंगिक प्रसंगावर, खुनांवर नव्हे. कात्री कुठं लागेल याचा अंदाज आधी येत नाही.

राहिला शेवट. हॅरन यांनी नंतर मुलाखतीत म्हटलं होतं की ‘हे सगळं नायकाच्या मनातच घडलं’ असं समजून लोक बाहेर पडतात, तसा त्यांचा हेतू नव्हता, आणि ही उणीव त्या आपलीच मानतात. हे मनावर घ्या. तुमच्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणातही ती धूसरता आहे, आणि वाचताना ती चालून जाते. सिनेमात ती ठेवलीत तर गाव सुटतं. खून झालेच नसतील तर गप्प बसणाऱ्यांचा दोष काय? दलालाला पकडू नका, तुमच्या गोष्टीत त्याला कोणी पकडणारच नाही. पण आबा गेले, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, एवढं शेवटाला निर्विवाद दिसलं पाहिजे. माझ्या डोक्यात तलाठी कार्यालयाचा काउंटर येतो. सोलं उचलणारी ती शेजारीण स्वतःच्या कामासाठी आलीय, तिच्या हातात चुकून आबांच्या जमिनीचा नवा सातबारा पडतो. ती तो वरपासून खालपर्यंत वाचते, ‘ह्यो माझो न्हय’ म्हणून परत करते आणि आपला मागते.

पहिला मसुदा झाला की तो कोणाला वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. कुडाळ-सावंतवाडीकडचे चार दशावतारी नट आणि घरातल्या दोन म्हाताऱ्या बायका समोर बसवा. कुठं हसतात आणि कुठं हसता हसता गप्प होतात, त्याच्या खुणा पानावर करत जा. जिथं नुसतेच हसले किंवा नुसतेच गप्प बसले, ती पानं पुन्हा लिहायची.